घरच्या घरी विज्ञान: आधी अंदाज, मग प्रयोग, आणि मधे आपण गप्प

आमच्याकडे एक भला मोठा रंगीत खोका आहे, वर छापलंय १०० प्रयोग, मोठ्याच्या वाढदिवसाला कुणीतरी दिलेला. त्यातले तीन झाले, एक नळी फुटली, माहितीपत्रक कुठे गेलं देव जाणे, आणि आता त्या खोक्यात धाकटीचे खडू असतात. त्याच धाकटीने मात्र एकदा आंघोळीच्या बादलीत चमचा आणि वाटी घेऊन अख्खी सकाळ काढली, कारण चमचा हलका असून बुडतो आणि वाटी जड असून तरंगते हे तिला काही केल्या पटेचना. तेव्हापासून किट वगैरेच्या भानगडीत मी पडत नाही, घरात जे पडलंय त्यातच इतकं होतं.

हे सगळं साधारण ३ ते ८ वर्षांच्या पोरांसाठी लिहितोय. मी शिक्षक नाही, दोन पोरांचा बाप आहे, आणि खालचं बहुतेक सगळं करून, सांडून, पुसून झालेलं आहे.

आता मुद्द्याचं. व्हिडिओत जे प्रयोग दिसतात त्यातले निम्मे म्हणजे जादूचे खेळ असतात, आईबाप करतात, फेस येतो, पोरं ओरडतात, टाळ्या, संपलं. मजा येते, नाही म्हणत नाही, पण त्यात पोराने केलं काय? बघितलं. हे टाळायला एकच प्रश्न लागतो: "तुला काय वाटतं, काय होईल?" आणि हा प्रश्न वस्तू पाण्यात टाकायच्या आधी विचारायचा. आधी विचारला की पोराने एक बाजू घेतलेली असते, त्याची इज्जत पणाला लागलेली असते, मग ते डोळे फाडून बघतं. नंतर विचारलं तर "मला माहीतच होतं" म्हणतं आणि खेळायला पळतं.

अंदाज झाला की करायचं, त्याच्याच हाताने, सांडलं तरी. मग काय झालं ते त्यालाच सांगू द्यायचं. आणि मग एक गोष्ट बदलून परत करायचं. एकच बरं का, दोन बदलल्या की कशामुळे काय झालं ते पोराला सोडा, आपल्यालाही कळत नाही.

सगळ्यात अवघड काम आपलं असतं, ते म्हणजे गप्प बसणं. उत्तर अगदी जिभेवर आलेलं असतं, शाळेत पाठ केलेलं असतं, आणि पोरगं समोर चुकीचं काहीतरी ठासून सांगत असतं. मी मनात १० पर्यंत मोजतो. अंदाज चुकला तर "चूक" म्हणायचं नाही, "अरेच्चा, असं कसं झालं?" एवढंच. आमचा मोठा आधी चुकायला इतका घाबरायचा की अंदाजच द्यायचा नाही, "बाबा तूच सांग ना" म्हणायचा, मग मी मुद्दाम येडेगबाळे अंदाज द्यायला लागलो, तर मला हरवायला म्हणून का होईना पण तो बोलायला लागला.

सुरुवात पाण्यापासून करा

एक टब किंवा बादली अर्धी भरा, आणि घरभर फिरून १०-१२ वस्तू गोळा करायला सांगा: किल्ली, खोडरबर, बाटलीचं झाकण, बटण, पेन्सिल, दगड, स्पंज, मेणबत्तीचा तुकडा. (लहान पोराला पाण्याजवळ एकटं सोडून फोन घ्यायला जाऊ नका, बादलीतल्या थोड्याशा पाण्यातही जीव जाऊ शकतो. फोन वाजू दे.) एकेक वस्तू हातात घेऊन अंदाज, मग टाका, मग दोन ढीग. ३-४ वर्षांच्या पोराला एवढंच पुरे, तेच तेच दहा वेळा करेल, करू द्या.

थोडं मोठं पोरगं लगेच नियम काढतं: जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. इथे तुमची जीभ सळसळेल. थांबा. समजावू नका, फक्त नियम मोडेल अशी वस्तू पुढे करा. टाचणी टाका. मग लाकडाचा मोठा ओंडका किंवा जाडजूड मेणबत्ती टाका. टाचणी बुडाली आणि ओंडका तरंगला की चेहरा बघण्यासारखा होतो. मग क्लेचा गोळा द्या, बुडेल. तोच गोळा पसरून होडीसारखा करायला सांगा, तरंगेल, म्हणजे तीन-चारदा बुडून मग तरंगेल. वजन तेच, क्ले तीच, मग बदललं काय? आमच्याकडे इथून पुढे स्पर्धा लागली, कुणाच्या होडीत किती गोट्या मावतात, आणि स्पर्धेच्या नादात दोघांनी आपापल्या होडीच्या भिंती उंच करायला सुरुवात केली, मी एक शब्द बोललो नव्हतो.

७-८ वर्षांच्या पोराने अगदी खोदून विचारलंच तर सांगा, वस्तू जितकं पाणी बाजूला सारते तितक्या पाण्याच्या वजनाएवढा जोर पाणी तिला खालून वर लावतं. होडी पसरट आणि पोकळ, म्हणून जास्त पाणी सारते. हे आर्किमिडीजने सांगून २२०० च्या वर वर्षं झाली.

मग मीठ. बटाट्याचा तुकडा साध्या पाण्याच्या ग्लासात टाका, बुडेल. आता मीठ घालून ढवळत जा, एकेक चमचा, आणि दर चमच्याला पोराने कागदावर एक रेघ ओढायची. एका क्षणी तुकडा वर यायला लागतो. किती चमच्यांना येईल हे आधी सांगायचं, सगळ्यांनी, आजीआजोबांनीसुद्धा. मग पाणी दुप्पट घेतलं तर चमचे किती लागतील? हा प्रश्न विचारून मी स्वयंपाकघरात निघून गेलो होतो, परत आलो तर मिठाची बरणी रिकामी. म्हणून मीठ आधी मोजून काढून ठेवा.

पाण्याचा आणखी एक, मोठ्यांनाही फसवणारा. ग्लासात बर्फाचे खडे टाकून पाणी अगदी काठोकाठ भरा, बर्फ वर थोडा बाहेर डोकावत असेल. बर्फ वितळल्यावर पाणी सांडेल का? जवळजवळ सगळे हो म्हणतात. नाही सांडत. बर्फाने तरंगताना आपल्या वजनाएवढं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं, वितळून तो तेवढीच जागा भरतो. ग्लासाखाली कोरडा कागद ठेवा, म्हणजे वाद होत नाही. (बाहेर हवा दमट असेल तर थंड ग्लासाला बाहेरून घाम येऊन कागद भिजतो, आणि मग वेगळाच वाद होतो, हे पाणी आलं कुठून. तोही चांगलाच आहे, पण दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.) पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, हे बघायला प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धं पाणी भरून पातळीवर पेनाने खूण करा, फ्रीझरमध्ये उभी ठेवा, सकाळी बर्फ खुणेच्या वर गेलेला दिसेल. काचेची बाटली नको, फुटेल.

स्वेटरवाला, माझा सगळ्यात लाडका

बर्फाचे दोन सारखे खडे, दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. एक पिशवी ताटलीत उघड्यावर, दुसरी जाड लोकरीच्या स्वेटरमध्ये नीट गुंडाळून. कुठला आधी वितळेल? आजवर मी ज्या ज्या पोराला विचारलं त्याने स्वेटरवाला सांगितलंय, कारण उघड आहे, स्वेटर गरम असतो. अर्ध्या तासाने उघडा. स्वेटरमधला खडा चांगला शिल्लक असतो आणि ताटलीतल्याचं बरंच पाणी झालेलं असतं.

आमच्या धाकटीने हे बघून जाहीर केलं की स्वेटर बिघडला आहे. दुसरा स्वेटर आणला, तोही बिघडलेला. मग मोठ्याने थर्मामीटर स्वेटरात गुंडाळून ठेवायची आयडिया काढली, खोलीचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर आहे आमच्याकडे, तासाभराने आकडा तोच. म्हणजे स्वेटर स्वतः गरम नसतोच. तो उष्णतेची वाट अडवतो, आतली बाहेर जाऊ देत नाही, आणि बाहेरची आतही येऊ देत नाही. आपण आत असलो तर आपली ऊब टिकते, बर्फ आत असला तर बर्फ टिकतो. हे मी सांगितलं तोवर दोन दिवस गेले होते, आणि तो उशीर मला बरोबरच वाटतो, पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं तर दुसरा स्वेटरही आला नसता आणि थर्मामीटरही.

याचाच भाऊ म्हणजे ताट आणि पोळपाट. स्टीलचं ताट आणि लाकडी फळी एकाच खोलीत तासभर ठेवा, हात लावायला सांगा. ताट गार लागतं, लाकूड नाही. आता दोन्हींवर एकेक बर्फाचा खडा ठेवायचाय, कुठे आधी वितळेल? सगळे लाकूड म्हणतात, कारण ते "गरम". वितळतो ताटावरचा, तोही भराभर. दोन्हींचं तापमान सारखंच असतं, पण स्टील उष्णता पटकन वाहून नेतं, म्हणून हातातली पळवतं तेव्हा गार लागतं आणि बर्फाला पुरवतं तेव्हा तो लवकर वितळतो. मोठं झाल्यावरही हे पहिल्यांदा बघताना थोडं गरगरायला होतं, मला झालं.

लोक सांगतात ती कारणं तपासून घ्या

मिरपूड आणि साबणाचा प्रयोग सगळ्यांना माहितीये. पसरट ताटलीत पाणी, वर मिरपूड भुरभुरायची, बोटाला साबण लावून मधे टेकवायचं, मिरपूड झटकन कडेला पळते. हा दाखवताना बरेच जण सांगतात की बघा, जंतू साबणाला घाबरून पळतात. असं काही नसतं हो. पाण्याच्या वरच्या थराला एक ताण असतो, ताणलेल्या कापडासारखा, साबण पडला की तिथला ताण कमी होतो आणि बाजूचं पाणी स्वतःकडे ओढून घेतं, मिरपूड त्याच्यावर बसून जाते. साबणाने हात धुताना जे होतं ते वेगळं, तिथे तेलकट मळ आणि त्यातले जंतू सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. हात धुवायला लावायला म्हणून खोटं कारण कशाला द्यायचं, खरं कारणही पुरतं.

आणि खरी गंमत दुसऱ्या वेळी आहे. त्याच ताटलीत परत मिरपूड टाकून परत बोट लावा. काही होत नाही. पोरं म्हणतात साबण संपला, मग जास्त साबण लावतात, तरी नाही. आता का नाही होत? ताटली घासून, खळखळून धुऊन, नवं पाणी घेतलं की परत होतं. हे पोरांना स्वतः सापडू द्या, थोडा वेळ लागेल.

इथे एक गोष्ट मी पोरांना नेहमी सांगतो. जर्मनीत आग्नेस पॉकेल्स नावाची बाई होती, तिच्या वेळी तिथे मुलींना विद्यापीठात घेत नसत, घरी आजारी आईवडिलांचं बघायचं आणि स्वयंपाकघर सांभाळायचं. भांडी घासताना पाण्यावर साबणाचा आणि तेलकटपणाचा काय परिणाम होतो हे ती बघत राहिली, त्याची मापं घ्यायला घरच्या घरी साधन बनवलं, आणि १८९१ मध्ये सगळं लॉर्ड रॅले या नामांकित शास्त्रज्ञाला पत्रात लिहून पाठवलं. त्याने ते नेचर मासिकाकडे धाडलं आणि त्यांनी छापलं. भांडी घासायला टाळाटाळ करणाऱ्या मोठ्यावर या गोष्टीचा शून्य परिणाम झालाय, पण सांगत राहतो.

दुसरं चुकीचं कारण मेणबत्तीचं. बशीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर ग्लास उपडा, मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. आपल्याला सांगितलेलं असतं की ऑक्सिजन संपला म्हणून त्याच्या जागी पाणी आलं. पण नीट बघा, ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर येतात, आणि पाणी जास्त करून चढतं ते मेणबत्ती विझल्यावर, एकदम. मुख्य कारण म्हणजे हवा गरम होऊन फुगते, थोडी बाहेर जाते, ज्योत गेली की उरलेली गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. तपासायचं असेल तर तोच ग्लास, तेवढंच पाणी, पण एकाऐवजी तीन मेणबत्त्या. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच आहे, तरी पाणी जास्त चढतं. पेटवायचं काम मोठ्यांनी करायचं, लांब केस मागे बांधायचे, आणि हा प्रयोग ६ च्या खाली नकोच. तसं नुसत्या मेणबत्तीकडे बघत बसण्यातही खूप आहे, मायकल फॅरेडेने १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर एका मेणबत्तीवर चांगली सहा व्याख्यानं दिली होती.

ज्वालामुखीबद्दल फार लिहीत नाही, खायचा सोडा आणि व्हिनेगर, सगळ्यांनी केलाय. एकदा करा, फेस बघा, मग त्यातून प्रयोग काढा. बाटलीत व्हिनेगर मोजून घ्या, फुग्यात एक चमचा सोडा भरून फुगा बाटलीच्या तोंडाला लावा आणि उलटा. फुगा किती फुगला ते दोऱ्याने मोजा. मग दोन चमचे, तीन चमचे, व्हिनेगर दर वेळी नवं पण तेवढंच. काही चमच्यांनंतर सोडा वाढवला तरी फुगा वाढत नाही. का? (व्हिनेगर संपलेलं असतं. पण तुम्ही सांगू नका.) फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, लहान पोरांच्या घशात अडकतात.

चिमुकल्यांवर करायचा एक प्रयोग

हा पोराने नाही, आपण करायचा. दोन सारखे ग्लास, दोन्हींत सारखं पाणी, पोराने कबूल करायचं की सारखं आहे. आता त्याच्यासमोरच एका ग्लासातलं पाणी उंच निमुळत्या ग्लासात ओता. कशात जास्त? ४-५ वर्षांचं पोरगं ठामपणे उंच ग्लास दाखवतं. परत ओतून दाखवा, परत सारखं म्हणेल, परत उंच ग्लासात ओता, परत जास्त म्हणेल. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजेने मुलांबरोबर हे केलं आणि दाखवून दिलं की साधारण ६-७ वर्षांपर्यंत बहुतेक पोरं असंच बघतात. समजावून उपयोग नाही, वय झालं की आपोआप कळतं. मी हे इथे लिहितोय कारण आपण ज्याला "एवढं साधं कळत नाही का" म्हणतो ते खरंच त्या वयात कळत नसतं, आणि हे एकदा डोळ्यांनी बघितलं की आपला आवाज चढणं बरंच कमी होतं.

दिवसेंदिवस चालणारे

मोठ्या दाण्याचं कुठलंही कडधान्य घ्या, रात्रभर भिजवा, पारदर्शक ग्लासात ओला कापूस भरून दाणे काच आणि कापसाच्या मधे खोचा, म्हणजे बाहेरून दिसतात. असे तीन ग्लास: एक खिडकीत, एक अंधाऱ्या कपाटात, आणि एकात उकळून गार केलेले दाणे. कापूस तिन्हींत सारखा ओला ठेवायचा, चिंब नाही, नाहीतर कुजतात.

अंधारातला रुजणारच नाही अशी पोरांची खात्री असते. तो मस्त रुजतो. वर जाऊन खिडकीतल्यापेक्षा उंचही होतो, आणि पोरं म्हणतात अंधारवाला जिंकला. मग चार-पाच दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवून नुसतं विचारा, दोघांत काय वेगळं दिसतंय? पिवळट, लुकडा, मान टाकलेला. तो उजेड शोधत लांब झालाय, दाण्यात साठवलेल्या शिदोरीवर. उकळलेल्यांचं काहीच होत नाही, फक्त वास येतो, ते तीन-चार दिवसांत टाकून द्या.

खिडकीतल्या रोपाची मुळं चांगली बोटभर खाली गेली की ग्लास आडवा करून ठेवा. एक-दोन दिवसांत मुळं वळून परत खाली निघालेली असतात आणि कोंब वर. मुळाला कसं कळतं खाली कुठे आहे? आमच्या घरी यावर जेवताना बराच गोंधळ झालेला आहे.

मोजायला पट्टी नको, कागदाची पट्टी वापरा. रोज रोपाशेजारी कागद धरायचा, उंचीइतका कापायचा, तारीख टाकून भिंतीवर ओळीने चिकटवायचा. आठवडाभरात भिंतीवर आलेख तयार, आलेख हा शब्दही न उच्चारता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विसरायला होतं हे मात्र खरं, म्हणून दात घासायच्या जागी ग्लास ठेवा.

सावलीचंही असंच. मोकळ्या जागी पोराला उभं करून पावलांभोवती आणि सावलीभोवती खडूने रेघ मारा. तासाने त्याच पावलांत परत उभं राहायचं, पण आधी सावली कुठे पडेल तिथे दगड ठेवायचा. पहिल्या वेळी दगड भलतीकडेच असतो, चौथ्या वेळी अगदी जवळ. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तेच जमिनीवर दिसतंय, पण ५ वर्षांच्या पोराला ते सांगायची घाई नको. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे मात्र दर वेळी सांगायचं.

थोड्या मोठ्यांसाठी लंबक

७-८ वर्षांच्या पोराला दोरा, किल्ली आणि घड्याळ द्या. दाराच्या कडीला दोरा बांधा, किल्ली लोंबकळवा, थोडीशीच ओढून सोडा. जाऊन परत आली की एक झोका. १० झोक्यांना किती सेकंद? आता प्रश्न: जास्त वेगाने हलवायचं असेल तर काय बदलायचं? "जड किल्ली लावू." लावा. तीन किल्ल्या लावा. वेळ तोच येतो, आणि पोरगं घड्याळावर संशय घेतं. मग जोरात ओढून सोडून बघतं, फारसा फरक नाही. सगळ्यात शेवटी दोरा लांब-आखूड करायचं सुचतं. दोऱ्याची लांबी २५ सेंटिमीटर असेल तर १० झोक्यांना साधारण १० सेकंद लागतात, आणि १ मीटर केली तर २० सेकंद. म्हणजे दोरा चौपट, वेळ दुप्पट. लांबी कडीपासून किल्लीच्या मधोमध मोजा, आणि एक झोका मोजायच्या फंदात पडू नका, बोट वेळेवर दाबलं जात नाही, १० मोजून भागायचे.

"का" आलं की काय करायचं

पोरं का विचारतात आणि आपल्याला उत्तर येत नाही, किंवा येतं पण ते इतकं लांबलचक असतं की पोरगं दुसऱ्या वाक्याला निघून जातं. मी आता "का" ला "समजा असं केलं तर" मधे वळवतो. साबणाचा बुडबुडा गोल का असतो? बरं, तार वाकवून चौकोन करू, चौकोनी कडीतून फुंकलं तर चौकोनी बुडबुडा येईल का? धाकटीने चौकोन केला, त्रिकोण केला, चांदणी केली, सगळ्यांतून गोलच. कारण साबणाचा पापुद्रा आतली हवा कमीत कमी पसाऱ्यात कोंडायला बघतो आणि सगळ्यात कमी पसारा गोलाचा. हे वाक्य तिला कितपत कळलं सांगता येत नाही, पण आता ती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याशी पैज लावते.

उत्तर येत नसेल तर "मलाही नाही माहीत, बघूया" म्हणा, याने पोरांपुढे आपली किंमत कमी होत नाही. प्रयोग फसला तर तोही लिहून ठेवा. आमच्याकडे केसांवर घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेऊन धार वाकवायचा प्रयोग पावसाळ्यात सपशेल फसला आणि थंडीत पहिल्या झटक्यात जमला, दमट हवेत कंगव्यावरचा विद्युतभार टिकत नाही, हे त्या फसण्यामुळेच कळलं.

वेळ १०-१५ मिनिटं पुरे. पोराला अजून हवं असतानाच आवरतं घ्या, म्हणजे उद्या तेच मागे लागतं. खाली जुनी चादर, बाजूला एक फडकं, आणि सांडलेलं ज्याने सांडलं त्याने पुसायचं.

आता ज्यात गंमत चालत नाही ते. घड्याळाच्या चपट्या बटण बॅटऱ्या पोरांच्या हाती लागू देऊ नका, गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, अशा वेळी वाट न बघता थेट हॉस्पिटल. छोटे जोरदार लोहचुंबकही तसेच, दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटून बसतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटातही फुगतात. संडास-बाथरूम साफ करायची लिक्विडं कधीच एकमेकांत मिसळू नका, ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. भिंतीतल्या प्लगला काहीही जोडायचं नाही, वीज खेळायची तर साधे पेन्सिल सेल. भिंगाने उन्हात कागद जाळायचा खेळ मोठ्यांशिवाय नाही. आणि प्रयोगातलं काहीही तोंडात घालायचं नाही, खायची वस्तू असली तरी, हा नियम आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे आणि दिवसातून चारदा मोडला जातो म्हणून चारदा सांगावा लागतो.

सध्या आमच्या फ्रीझरमध्ये तीन सारखे कप आहेत, एकात साधं पाणी, एकात साखरेचं, एकात मिठाचं, प्रत्येकात चमचे मोजून घातलेले. दर अर्ध्या तासाने काडी टोचून बघायचं ठरलंय. मोठा म्हणतो साधं आधी गोठेल, धाकटी म्हणते साखरेचं, कारण आइस्क्रीम गोड असतं. मला विचारलं तर मी म्हटलं मिठाचं, आणि दोघं खूश झाले.